संग्रह छोटा, हौस मोठी

जाणकार म्हणतात, रिव्हॉल्व्हरचा संग्रह छोटा पण सर्वगुणी असावा. तुमसरच्या हौशी माणसाला ही चिंता नाही. सरकारने ती आधीच वाहिली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यातली तीन हत्यारांची मर्यादा दोनवर आणली. संग्रह छोटा झालाच! .४५५ बोअर प्रतिबंधित, म्हणून निवडही सोपी: कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२, नाहीतर २०१४ साली बायकांसाठी आलेलं अर्ध्या किलोचं ‘निर्भीक’. तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात.

आता सर्वगुण बघू. धानात रानडुक्कर शिरलं, तर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी. ती येईस्तोवर पाहुणा जेवून जातो. वरातीत निष्काळजीपणे बार काढला, तर त्याच दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. निवडणूक लागली की ‘ठाण्यात जमा करा’ अशी नोटीस, म्हणजे भाऊंच्या रुबाबाची खरी गरज असते नेमकी तेव्हाच कंबर मोकळी. उरला एकच गुण: शर्टाखालचा फुगवटा.

भाऊ, त्या सव्वा लाखात बांधीला सौर कुंपण घाला. डुकरं थांबतील आणि आचारसंहितेत ते ठाण्यात जमाही करावं लागणार नाही.