मृदंगाचार्य (विदेश दौरा संपन्न)

बीड जिल्ह्यात 'बाहेर जाणे' या क्रियापदाचा अर्थ पूर्वापार ठरलेला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, घ्यायची, नवराबायकोच्या जोडीने, जिला मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील साखर कारखान्याच्या फडावर ऊस तोडायला निघायचे आणि पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की गावी परतायचे. या रुळलेल्या वाटेने अलीकडे एक वेगळाच प्रवासी जाऊ लागला आहे. त्याच्या खांद्यावर कोयत्याऐवजी मृदंग असतो, त्याचा मुकादम न्यू जर्सीत राहून संगणकाची नोकरी करतो, आणि परतल्यावर त्याच्या नावामागे 'ह.भ.प.' व 'मृदंगाचार्य' या दोन उपाधी आधीच असूनही नावापुढे कंसात तिसरी छापली जाते, ती म्हणजे 'विदेश दौरा संपन्न'. प्रस्तुत विवेचनाचा विषय हा गृहस्थ आहे.

या गृहस्थाचा स्वभाव समजण्यासाठी आधी त्याचे वाद्य समजून घेणे भाग आहे, कारण दोघांचीही डावी बाजू भारी असते. शास्त्रीय संगीतात ज्याला पखवाज म्हणतात, त्यालाच वारकरी मृदंग म्हणतात. पोकळ लाकडी खोडाच्या दोन्ही तोंडांना चामड्याच्या पुड्या, त्यांना ताणून धरणाऱ्या वाद्या आणि वाद्यांखाली ठोकलेले लाकडी गट्टे अशी त्याची रचना असते. उजव्या पुडीवर शाई कायमची बसवलेली असते, परंतु डाव्या पुडीवर दर वेळी वादनापूर्वी गव्हाची भिजवलेली कणीक थापावी लागते आणि वादन संपल्यावर ती खरवडून काढावी लागते. ही कणीक पुडीला जड करते, त्यामुळे तिचे कंपन मंदावते आणि ज्याला वारकरी 'घुमारा' म्हणतात तो खर्जातला, छातीत उतरणारा नाद उमटतो. म्हणजे वाद्य कितीही मोलाचे असले तरी त्याचा निम्मा आवाज रोज सकाळी परातीतूनच यावा लागतो, आणि ज्या घरात पोळ्या करणारीचे व मृदंग वाजवणाऱ्याचे पटत नाही त्या घरात घुमारा येत नाही, हे निरीक्षण कोणत्याही संगीतशास्त्राच्या ग्रंथात नसले तरी अनुभवसिद्ध आहे.

खर्ज सांभाळणाऱ्याची सामाजिक अडचण जगभर सारखीच आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीयांमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी रूपाला आलेल्या जॅझ या संगीतात हे काम डबल बास हे माणसाहून उंच, चार तारांचे वाद्य करते, आणि ते छेडणारा वादक रात्रभर उभा राहून प्रत्येक मात्रेला एक स्वर टाकत जातो, ज्याला त्या संगीतात 'वॉकिंग', म्हणजे चालता बास, म्हणतात. टाळ्या मात्र पुढे उभ्या असलेल्या तुतारीवाल्याला मिळतात. सप्त्याच्या, म्हणजे सात दिवस चालणाऱ्या हरिनाम सप्ताहाच्या, कीर्तनातही गळ्यात मृदंग अडकवून दोन-अडीच तास उभा राहणारा मृदंगाचार्य असाच चालत असतो, पण ऐकणारे घरी जाऊन सांगतात ते महाराजांचे दृष्टांत. मृदंग नसता तर महाराज चौथ्या मिनिटाला लयीतून घसरले असते, हे ठाऊक असलेली माणसे मंडपात फार तर दोन असतात, आणि त्यांतले एक स्वतः मृदंगाचार्य असतात. त्यांची उरलेली सगळी धडपड ही या अन्यायाची भरपाई असते. म्हणूनच कीर्तनापूर्वी ते माइकवाल्याला स्वतः जाऊन भेटतात, डावीकडचा माइक एक वीत जवळ ओढून घेतात, "घुमारा वाढव, एको कमी कर" असे बजावतात आणि महाराज बोलायला लागताच माइकवाला तोच घुमारा निमूटपणे खाली आणतो.

या वादनाविषयीचा जिल्ह्याचा अभिमान मात्र पोकळ नाही. अंबाजोगाई तालुक्यातील आपेगावचे शंकरबापू आपेगावकर यांना पखवाजवादनासाठी १९८६ साली पद्मश्री मिळाली आणि त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांनी तीच परंपरा पुढे चालवली. (ज्ञानेश्वरांचे आपेगाव ते पैठणजवळचे, हा खुलासा या जिल्ह्यात प्रत्येक पाहुण्याला एकदा करावाच लागतो.) बीड शहरात रेल्वे पोहोचायला २०२५ साल उजाडले, पण जिल्ह्याचा मृदंग त्याच्या कितीतरी आधी विमानात बसलेला होता. अडचण एवढीच की या मोठ्या नावांच्या सावलीत वाढलेला प्रत्येक वादक स्वतःला त्याच वाटेवरचा समजतो आणि आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेतून, जी विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली स्थापन केली, चार वर्षांनी परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी पासपोर्टचे कागद गोळा करू लागतो.

व्हिसाचा अर्ज हा त्याच्या आयुष्यातील पहिला खरा धमार, म्हणजे चौदा मात्रांचा आडवळणी ताल, होय. अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांची चाळीसेक फूट लांब कापडावर लिहिलेली पासोडी आहे, आणि अर्ज भरताना मृदंगाचार्यांना तिची आठवण होते, फरक एवढाच की पासोडीत पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांचा वेदान्ती विचार, आहे आणि अर्जात मासिक उत्पन्न. तेथे गाडी अडते, कारण मृदंगाचार्यांना पगार नसतो, 'तारखा' असतात. तारीख म्हणजे ठरलेले कीर्तन आणि पाकीट म्हणजे त्याची बिदागी, जी पाकिटातच मिळते व कधी मोजून मागता येत नाही. चैत्र-वैशाखात गहिनीनाथगडापासून वाडीवस्तीपर्यंत सप्त्यांची रांग लागली की पाकिटांनी खिसा भरतो आणि आषाढी झाली की श्रावणापर्यंत रिकामा राहतो. ही गोष्ट 'मासिक' या रकान्यात बसवताना जिल्ह्यातील कितीतरी झेरॉक्सवाले कवी झाले आहेत.

अमेरिकेत गेल्यावरची सर्वांत मोठी परीक्षा संगीताची नसून पिठाची असते. कार्यक्रम मराठी मंडळाचा, सभागृह एखाद्या शाळेचे, यजमान सुस्वभावी. तीन वाजता मृदंगाचार्य गट्टे ठोकून उजवी बाजू स्वरात आणतात, जी थंडीतल्या कोरड्या, तापवलेल्या खोलीत ताणली जाऊन पुन्हापुन्हा चढत राहते, आणि मग शांतपणे "वहिनी, लिंबाएवढी कणीक द्या" असे म्हणतात. यजमानांच्या घरात गोठवलेल्या पोळ्यांची आठ पाकिटे निघतात, कणीक निघत नाही. एक स्वयंसेवक मैदा आणतो, जो चिकटतो पण बोलत नाही. दुसरा घरातल्या मुलांच्या खेळण्यातला निळा लगदा पुढे करतो, आणि त्याच्याकडे मृदंगाचार्य ज्या नजरेने पाहतात तिचे वर्णन येथे टाळलेले बरे. शेवटी भारतीय दुकानातून दहा किलोची गोणी येते, त्यातले मूठभर पीठ भिजते, आणि पहिल्या 'धा'ला सभागृहातील एक म्हातारे आजोबा डोळे पुसतात. उरलेले पीठ कोणाच्या खर्चात टाकायचे यावर पुढचे तीन महिने मंडळाच्या कार्यकारिणीत वाद चालतो.

दौऱ्यात कधी 'फ्यूजन' नावाचा प्रकार होतो, म्हणजे दोन निरनिराळ्या परंपरांच्या वादकांना एका मंचावर उभे करून त्यांचे जमले असे जाहीर करायचे. तेथे मृदंगाचार्यांची गाठ स्थानिक जॅझ बासवादकाशी पडते. भाषा एकही समान नाही, तरी दहा मिनिटांत मैत्री होते, कारण दोघेही माइकवाल्याकडे एकाच चेहऱ्याने पाहत असतात. जॅझचा सूर मृदंगाचार्यांना सर्वस्वी अपरिचितही नसतो. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३०च्या दशकात अमेरिकी बँड वाजू लागले, त्यातून गोव्याचे वादक तयार झाले, आणि त्यांतल्या चिक चॉकलेटला सोबत घेऊन पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांनी १९५१च्या 'अलबेला' चित्रपटात जो रंग भरला तो बीडच्या थिएटरांतही वाजून गेला. बासवादक आपली कैफियत मांडतो की वाद्य विमानात नेणे परवडत नाही, म्हणून जाईल तेथे मिळेल तो बास वाजवावा लागतो. मृदंगाचार्य यावर खिन्न होतात. परक्याचा मृदंग वाजवणे त्यांच्या लेखी परक्याच्या चपला घालून देवळातून बाहेर पडण्यासारखे आहे. मग बासवादक चार मात्रांची चाल धरतो, मृदंगाचार्य त्यावर भजनी ठेका टाकतात, आठ मात्रांत दोन फेऱ्या नीट बसतात, आणि दोघेही गायकाची वाट न पाहता बराच वेळ तसेच चालत राहतात.

परतल्यानंतर गृहस्थात होणारे बदल थोडे पण ठळक असतात. मृदंगाच्या खोळीवरची विमान कंपनीची चिठ्ठी फाटेपर्यंत काढली जात नाही. पाण्याची बाटली सीलबंद लागते. उठण्याबसण्यात 'आम्ही शिकागोला होतो तेव्हा' हे पालुपद येते, आणि तारखेचा भाव वाढतो, तो पहिल्या वर्षी कोणी देत नाही, दुसऱ्या वर्षी मृदंगाचार्य मागत नाहीत.

काल्याच्या कीर्तनानंतर, शेवटच्या दिवशीच्या महाप्रसादाच्या पंगती बसल्या असताना, ते मंडपाच्या कडेला बसून चमच्याने डाव्या पुडीवरची कणीक खरवडत असतात. नुकतेच कारखान्यावरून परतलेले एक म्हातारे मुकादम शेजारी टेकतात आणि अगत्याने विचारतात, "बुवा, अमेरिकेला उचल किती भेटली?" मृदंगाचार्य आवाज खाली आणून आकडा सांगतात. मुकादम बोटांवर हिशेब करतात, विमानाचे भाडे वजा करतात, दिवस मोजतात आणि मग विचारतात, "बाईला नेलं नव्हतं ना संगं?"

"नाही."

"मग अर्धा कोयताच धरायचा की," मुकादम म्हणतात आणि पंगतीकडे निघतात.