चौदा पायांचा अधिवास दाखला

अधिवास हा शब्द बारामतीजवळच्या जळोचीच्या विद्यार्थ्याला जीवशास्त्राच्या पुस्तकापेक्षा तहसील कार्यालयाच्या रांगेत अधिक ठसठशीतपणे भेटतो, कारण वय, राष्ट्रीयत्व व अधिवास यांचा दाखला हाती पडल्याशिवाय व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश सहसा पुढे सरकत नाही. जीवशास्त्रात मात्र सजीव जिथे राहतो, खातो व वाढतो ती जागा म्हणजे अधिवास, आणि तो सिद्ध करण्यास रेशनकार्डाची झेरॉक्स लागत नाही. या उदार व्याख्येचा लाभार्थी कुंडी उचलताच तिच्या बुडाशी दिसतो: करडा, नखाएवढाही नसलेला, चौदा पायांचा, आणि काही जातींत बोट लागताच गोळी होऊन पडणारा.

या समपाद प्राण्याला, म्हणजे ज्याचे सारे पाय साधारण सारखे असतात अशा जीवाला, पोरे किडा म्हणतात. परंतु कीटकाला पाय सहाच, आणि हा तर खेकडा-कोळंबीच्या भावकीतला, कवचधारी आहे. भावकी बहुतांशी पाण्यात राहिली, याने जमिनीवर वेगळी चूल मांडली. तरी वाटणीत आलेली कल्ल्यांसारखी श्वसनेंद्रिये पोटाखाली तशीच राहिली आणि ती सुकली तर श्वास अडतो. कात टाकतानाही तो आधी शरीराचा मागचा अर्धा भाग मोकळा करतो व पुढचा काही काळाने, म्हणजे विजार आज आणि सदरा परवा.

हा प्राणी ओली जागा धरतो की कोरडी, हे पाहण्याच्या वर्गातील प्रयोगासाठी निवडपेटी लागते. पेढ्यांचा पारदर्शक डबा हे काम चोख बजावतो. एका बाजूस ओला कापूस, दुसरीस कोरडा कागद, मध्यभागी दहा प्राणी, आणि दर मिनिटाला शिरगणती. उजेडाचा परिणाम मिसळू नये म्हणून डबा सर्वत्र सारखा झाकावा लागतो, आणि मोजणीसाठी झाकण उचलताच पहिले दर्शन विद्यार्थ्यांच्या दहा नाकांचे होत असल्याने प्राण्यांचे चित्त किती थाऱ्यावर राहते, हा प्रश्न प्रयोगवहीत विचारला जात नाही. पंधरा मिनिटांत बहुतेक मंडळी कापसाकडे जमतात आणि वहीत निष्कर्ष उतरतो: ‘यांना ओलावा आवडतो.’

आवडीचा हा आरोप प्राणिशास्त्रज्ञ डी. एल. गन यांच्या १९३७ च्या संशोधनापुढे टिकत नाही. कोरड्या हवेत हा प्राणी अधिक चालतो, दमट हवेत थबकतो. ओलाव्याच्या दिशेने वळण्याची त्याला गरजच पडत नाही, कारण जो कोरड्यात पळत राहतो आणि ओल्यात थांबतो, तो शेवटी ओल्यातच मोजला जातो. दिशेविना केवळ वेग बदलणाऱ्या या प्रतिसादास इंग्रजी परिभाषेत कायनेसिस म्हणतात. बारामती-इंदापूरच्या पर्जन्यछायेत, जिथे नीरा डाव्या कालव्याने बागायत आणि जिरायत यांच्यात रेघ ओढली आहे, तिथे वधूपित्यांच्या हालचालींचा अभ्यास केल्यास काहीसा असाच आलेख मिळेल. जिरायत पाहुण्यांच्या ओसरीवरून ते चहा न घेता उठतात, आणि बागायतीत जेवणापर्यंत थांबतात.

खरी निवड पाहायची तर मेंढपाळ धनगरांकडे पाहावे. मेंढ्यांना चिखल व मुसळधार पाऊस सोसत नाही, म्हणून या पट्ट्यातील वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते तांडे, हिवाळ्यात कोकण गाठतात आणि पावसाळ्याआधी कोरड्या माळावर परततात. इथे दिशा, वाट, मुक्काम सारे ठरलेले असते. कुंडीखालच्या प्राण्याचे तसे नाही. तास संपल्यावर त्याला पुन्हा कुंडीखाली सोडले जाते, आणि वहीत ‘आवडतो’ हाच शब्द राहतो, कारण तपासणारे गुण त्यालाच देतात.