लास्ट किती?

आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या विक्याचं हे नाव 'विकास'वरून पडलं की 'विकणे'वरून, यावर सोसायटीत दोन मतं आहेत. ज्या पाळण्यात त्याचं नाव ठेवलं तो पुरावा म्हणून दाखवता आला असता, पण तो विक्यानं विकला. सागवानी होता, पितळी कड्यांचा. सध्या कोथरूडमधल्या एका कॅफेत त्यात मनीप्लँटच्या कुंड्या आहेत.

विक्या जुन्या वस्तू घेतो आणि ऑनलाइन विकतो. एवढंच करतो. वय ३८. यावरच त्याचं घर चालतं, आईवडिलांची औषधं येतात, पण आमच्या सोसायटीच्या हिशेबात जो माणूस सकाळी डबा घेऊन बाहेर पडत नाही तो रिकामा. त्यामुळे गॅसचा सिलिंडर यायचा असो, प्लंबर यायचा असो, किल्ली विक्याकडे. "तू घरीच असतोस ना!" तो घरीच असतो खरा, जमिनीवर मांडी ठोकून कंदिलाची काच जुन्या साडीत गुंडाळत असतो. याला काम म्हणायला कुणी तयार नाही.

सुरुवात कॉलेजात झाली. 'बाझी' नावाची आपली देशी लिलावाची साइट २००४ मध्ये ईबेनं विकत घेतली होती. त्या ईबेवर विक्यानं वडिलांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा विकला. वडिलांना विचारलं नव्हतं. धंद्याचं भांडवल ते हेच. पुढे २०१८ मध्ये ईबेचं भारतातलं दुकान बंद झालं, तेव्हा विक्या ओएलएक्स, फेसबुक, इन्स्टाग्राम असा फिरतीवर निघाला. वडील अजूनही अधूनमधून माळ्यावर कॅमेरा शोधतात.

बुधवार आणि रविवार हे त्याचे जुन्या बाजाराचे वार. मंगळवार पेठेतल्या या बाजारात नट-बोल्टपासून ग्रामोफोनच्या कर्ण्यापर्यंत वाट्टेल ते मांडलेलं असतं. शुक्रवारी मुंबईचा चोर बाजार. मटन स्ट्रीटवरची नेहमीची दुकानं त्या दिवशी बंद असतात आणि पहाटे रस्त्यावर वेगळाच बाजार भरतो. त्यासाठी हा गुरुवारी रात्रीची एसटी पकडतो. हातात बॅटरी, खांद्याला रिकामी पिशवी, अंगात सगळ्यात विटका शर्ट. इस्त्री दिसली की भाव दुप्पट. वस्तू आवडली तर तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. शेजारच्या वस्तूचा भाव विचारायचा, महाग म्हणून नाक मुरडायचं आणि उठता उठता "आणि हे काय आहे?" म्हणायचं. ते 'उठता उठता' साधायला आपल्याला आठ वर्षं लागली, असं तो सांगतो. मी एकदा करून पाहिलं. शेजारच्या वस्तूचा भाव इतका कमी निघाला की तीच घ्यावी लागली. घोड्याची रिकीब आहे. एकच.

तसं पाहिलं तर हा धंदा आपल्याला नवा नाही. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन येणारी बोहारीण आठवा. चार पँटी आणि दोन जरीच्या साड्यांवर एक पातेलं, आणि "निदान वर झाकणी तरी दे" म्हणून आमची आई तिच्याशी तासभर हुज्जत घालायची. ती बाई साडी उजेडाकडे धरायची आणि विरलेल्या जागी नेमकं बोट ठेवायची. विक्याचं बोट तसंच पडतं. हे मी एकदा त्याच्या आईसमोर बोललो, तर त्यांनी चहा दिला पण बिस्किटं दिली नाहीत. "ऑनलाइन बिझनेस म्हणा," म्हणाल्या.

विक्याचं वर्ष पाडव्याला सुरू होत नाही, परीक्षा संपल्या की सुरू होतं. मे महिन्यात पुण्यातली मुलं कॉट बेसिसच्या खोल्या सोडतात, तेव्हा गाद्या, टेबलं, सायकली मातीमोल भावानं मिळतात. त्याच जुलैत नव्या मुलांच्या वडिलांना विकायच्या. कूलर पावसात घ्यायचा, मार्चात काढायचा. अमेरिकेला कायमचे निघालेले आयटीवाले हा त्याचा लाडका वर्ग. व्हिसा हातात, विमान परवा, आणि आतून बायको म्हणत असते, "दे रे, काय देतील ते घे, एकदाचं जाऊ दे!" खरी सुगी मात्र पुनर्विकासाची. वाडा पडणार, सोसायटी उतरणार म्हटलं की तो तिथल्या वॉचमनला आधी चहा पाजून आलेला असतो. पेपरात तो जाहीर नोटिसा वाचतो. निधनवार्ताही वाचतो, पण त्याचं कारण विचारलं की गप्प बसतो. एवढं मात्र आहे, तेरावा झाल्याशिवाय तो कुणाच्या दारात जात नाही.

अशा घरांतून निघतात ती भांडी. भांड्यावर नाव घालायची आपली पद्धत. मोडीत मात्र नावाला किंमत नव्हती, भांडं वजनावर जायचं. विक्यानं त्या नावालाच 'हातानं कोरलेली कॅलिग्राफी' केलं आणि किलोचा भाव सोडून नगाचा भाव लावला. बेंगळुरूच्या एका इंटिरियर डिझायनर बाईंच्या दिवाणखान्यात आज एक पितळी घागर आहे, तिच्यावर 'मालूस मावशीकडून, १२-५-५८' असं कोरलंय. मालू कोण, बाईंना पत्ता नाही. पाहुण्यांना मात्र त्या "ही आमच्या घरातलीच" म्हणून सांगतात म्हणे.

विक्या खोटं बोलत नाही. तो 'अंदाजे' म्हणतो. चरे म्हणजे 'वापराच्या खुणा', गंज म्हणजे 'मूळ अवस्थेत', चालत नाही म्हणजे 'शोभेसाठी उत्तम', आणि हे नक्की काय आहे ते त्यालाही कळलेलं नसेल तर 'दुर्मिळ'. वयाच्या बाबतीत तो फारच काटेकोर. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षं झालेली नाणी, मूर्ती, कलाकुसरीच्या वस्तू पुरावशेष ठरतात. त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. हे वाचल्यापासून विक्याकडची कुठलीही वस्तू नव्वदीच्या पुढे गेलेली नाही. पानाचा डबा असो, अडकित्ता असो, 'अंदाजे ९० वर्षं'. त्याच्याकडची एक पितळी दौत मी सात वर्षं बघतोय, ती एका दिवसानंही म्हातारी झाली नाही.

घड्याळांत मात्र त्याचा जीव गुंततो. एचएमटीनं जपानच्या सिटिझनच्या मदतीनं १९६१ मध्ये घड्याळं काढली आणि २०१६ मध्ये तो घड्याळांचा उद्योग सरकारनं बंद करायला घेतला. "तुम्ही सगळे हळहळत बसलात, काका. मी 'जनता' गोळा करायला पळालो." 'जनता' म्हणजे रोज सकाळी चावी द्यायचं ते, सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. जुन्या यंत्रावर नवी भडक डायल चढवायची कला मुंबईत जुनी आहे. परदेशातले शौकीन अशा घड्याळांना 'बॉम्बे स्पेशल' म्हणतात आणि नाक मुरडतात. विक्या ती भिंगाखाली ओळखतो आणि जाहिरातीत सरळ लिहितो, 'डायल रंगवलेली'. गिऱ्हाईक ते वाचून विचारतं, "नारिंगी रंगात आहे का?"

गिऱ्हाईक हे प्रकरणच वेगळं. पहिला मेसेज 'हाय'. दुसरा 'अव्हेलेबल?' तिसरा 'लास्ट किती?' भाव सांगितला की 'नाही, लास्ट सांगा ना'. एका फोल्डिंगच्या खुर्चीसाठी एक गृहस्थ तीन आठवडे लास्ट विचारत होते. शेवटी विक्यानं घेतलेल्या भावात द्यायची तयारी दाखवली, तेव्हा म्हणाले, "मिसेसना विचारून कळवतो." काही जण सोफा 'एकदा बघायला' हडपसरला घेऊन यायला सांगतात. आणि काही जण फौजी असतात. बदली झालेली असते, वस्तू न बघताच पसंत असते, "क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे कळायला विक्याला २,२०० रुपये पडले. आता असा फोन आला की तो स्पीकरवर टाकतो आणि "पलटण कुठली, मेस कशी आहे, सुट्टी किती मिळते" असं अर्धा तास विचारत भांडी घासतो.

वस्तू खपली की कुरियर. खोक्याची लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, ५,००० नं भागायचं, आणि हा आकडा खऱ्या वजनाहून जास्त निघाला तर त्याचे पैसे घ्यायचे, हा कुरियरवाल्यांचा हिशेब. दोन किलोचा काचेचा दिवा, खोकं ५० बाय ४० बाय ४०, म्हणजे १६ किलो. १४ किलो निव्वळ हवेचे पैसे! म्हणून विक्याच्या खोक्यात पोकळी राहत नाही. घागरीच्या पोटात तांब्या, तांब्यात फुलपात्र, फुलपात्रात पळी. ३५० ला घेतलेलं १,४०० ला गेलं म्हणजे हजार सुटले, असं आपण मोजतो. तो त्यातून कुरियरचे १८०, खोक्या-टेपचे ६०, पेट्रोल आणि पितांबरी वजा करतो, आणि मग माळ्याकडे बघून उसासा टाकतो, कारण त्याच दिवशी घेतलेल्या आणखी दोन वस्तू दोन वर्षं तिथं बसून आहेत. "महिन्याला किती सुटतात?" असं त्याला सगळेच विचारतात. तो म्हणतो, "सुटतात."

माल ठेवायला वेगळी जागा नाही, त्यामुळे घर हेच गोदाम आणि संसार हाच माल. मागच्या उन्हाळ्यात त्याची आई गॅलरीतून दूधवाल्याला ओरडून सांगत होती, "आजपासून अर्धाच लिटर, फ्रीज गेला!" बिचारा दूधवाला सांत्वन करायला वर आला. हॉलमध्ये दाताच्या डॉक्टरची एक खुर्ची आहे, बंद पडलेल्या दवाखान्यातून आणलेली. वर-खाली होते, मागे रेलते. वडील तीत पेपर वाचतात. दोनदा गिऱ्हाईक घरापर्यंत आलं, पण वडील डोळे मिटून, तोंड उघडं टाकून आडवे होते. त्या स्थितीत त्यांना बघून एकाचीही पुढे यायची छाती झाली नाही. विक्या म्हणतो, ते मुद्दाम करतात. कॅमेऱ्याचा सूड असावा.

लग्नाचं म्हणाल तर प्रयत्न झाले. एका ठिकाणी कांदेपोह्यांचा कार्यक्रम छान रंगला होता. मुलगी बोलकी, घर चांगलं. चहा आला आणि विक्यानं शिरस्त्याप्रमाणे बशी उलटी करून खालचा शिक्का बघितला. बशीत चहा होता. बंगाल पॉटरीजचा माल होता, पाच नग शाबूत. मुलीकडून नकार आला. आठ दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन आला. मुलीविषयी काही नव्हतं. सहावी बशी माळ्यावर सापडली होती, पूर्ण सेटचे किती येतील?

सगळ्या बिल्डिंगला त्याच्याकडून हेच हवं असतं. वैष्णोदेवीच्या छापाचं पाच रुपयांचं नाणं लाखांना जातं, हा निरोप कुणाच्या तरी मोबाइलवर येतो आणि विक्याच्या दाराशी रांग लागते. जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदीच्या नावाखाली फसवाफसवी चाललीय, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जाहीर सांगितलं. विक्यानं ते पत्रक जिन्यात चिकटवलं. तरी दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा रुमालात नाणं बांधून आलेच. विक्यानं ते भिंगाखाली धरलं, काठ तपासला, तळहातावर तोललं आणि अदबीनं म्हणाला, "आजोबा, याचे पाच येतील." आजोबा हर्षानं म्हणाले, "लाख?"

आता आमची सोसायटीच पुनर्विकासाला निघाली आहे. सभेत अजून वाद चाललेत, कार्पेटवर भांडणं आहेत, बिल्डरनं सही केलेली नाही. ठरावाला सर्वांत आधी हात विक्यानं वर केला होता. परवा माझ्या मेव्हण्यानं नाशिकहून एक जाहिरात पाठवली, 'तुमच्यासारखंच दिसतंय' म्हणून. सागवानी दार, पितळी कडी-कोयंड्यासह, मूळ अवस्थेत, अंदाजे ५० वर्षं, दिवाळीनंतर उपलब्ध. आमचंच दार आहे. 'बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही' ही माझ्या वडिलांनी लावलेली पाटीही फोटोत आहे. तिचा भाव वेगळा. जाहिरातीखाली एकच प्रश्न आलाय, तो मेव्हण्याचा : 'लास्ट किती?'