आजचा राहिलाय

रात्री पावणेबाराला दाराची बेल वाजली. अशा वेळी मनात येतं ते सगळं येऊन गेलं: गॅसचा वास, चोर, गावाकडची वाईट बातमी. दार उघडलं तर खालच्या मजल्यावरचे तीनशेपासष्टे. अंगात बनियन, खाली लेंगा, हातात मोबाइल.

"आजचा राहिलाय," ते म्हणाले.

मला वाटलं रक्तदाबाची गोळी.

"अहो, फोटो! पंधरा मिनिटं उरलीत. तुमच्याकडे आहे का काही?"

पूर्वी शेजारी विरजण मागायला यायचे. तेही अवेळीच यायचे, पण निदान वाटी घेऊन यायचे आणि दारातूनच परत जायचे. हे थेट स्वयंपाकघरात शिरले, दुधाच्या पातेल्यावरचं झाकण उचलून सायीकडे पाहिलं, "हं, पण प्रकाश नाही," म्हणाले आणि माझ्या पायांकडे बघत उभे राहिले. दोन मिनिटांत माझी उजवी टाच त्यांच्या फोनमध्ये होती. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. खाली शीर्षक: 'दुष्काळ'. एक्केचाळीस अंगठे पडले. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या फोटोला एकवीस पडले होते. चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंनी तर हा मराठवाड्यातला कुठला भाग, असं विचारलं.

त्यांचं खरं आडनाव खाली पाटीवर आहे, पण ते आता पोस्टमनलाही आठवत नाही. रोज एक फोटो, वर्षभर, एकही खाडा नाही, हा त्यांचा वसा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असणारच. नसेल तर व्यायामशाळेचे पैसे भरून न गेलेला, बासरी आणून न वाजवलेला आणि डिसेंबरअखेर घरात अस्वस्थ फेऱ्या मारणारा एखादा निवृत्त गृहस्थ हेरून ठेवा. १ जानेवारीला तो तयार होतो.

आमच्या तीनशेपासष्ट्यांनी वर्ष निवडलं २०२४. हे लीप वर्ष आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं २८ फेब्रुवारीला. दुसऱ्या दिवशी ते जिन्यात भेटले तेव्हा निवृत्तीनंतर कुणी एक दिवस बिनपगारी कामावर बोलावल्यासारखा चेहरा होता. खरं म्हणजे त्या दिवसापासून आम्ही त्यांना तीनशेसहासष्टे म्हणायला हवं होतं, पण ते जिभेवर बसेना.

त्यांचे गुरू अमेरिकेतले. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंगस्टन नावाच्या माणसाने ३१ मार्च १९७९ ला दिवसाला एक पोलरॉइड फोटो काढायला सुरुवात केली, ती २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत, म्हणजे साडेअठरा वर्षं चालवली. शेवटचा दिवस हा त्याचा एकेचाळिसावा वाढदिवस आणि त्याच दिवशी तो गेला. हकिगत ऐकण्यासारखी आहे, यात वाद नाही. पण तीनशेपासष्ट्यांनी ती पहिल्यांदा सांगितली दुसऱ्या मजल्यावरच्या बाळाच्या वाढदिवसाला, केकवरची मेणबत्ती पेटवून झाल्यावर. बाळाच्या आजीने सुरी खाली ठेवली. "साडेअठरा वर्षं?" वहिनींनी, म्हणजे सौ. तीनशेपासष्ट्यांनी विचारलं. "आणि त्याच्या घरी गरम पोळी कोण खायचं?"

वहिनींचा हा प्रश्न हवेतला नव्हता. त्या घरात जानेवारीपासून कुणीही गरम पोळी खाल्लेली नाही. ताट वाढलं की "थांबा!" मग ताट खिडकीपाशी जातं, लिंबाची फोड चटणीकडून कोशिंबिरीकडे सरकते, भाताची मूद दोनदा नव्याने पाडली जाते. वहिनी म्हणतात, "माझ्या फोडणीच्या पळीचे अकरा फोटो आहेत ह्यांच्याकडे. माझा एक नाही. हात आहे, पळी धरलेला."

मे महिन्यात आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न झालं. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली आणि त्या गदारोळात तीनशेपासष्ट्यांचा आवाज आला, "थांबा! आजचा राहिलाय! अक्षता पुन्हा टाका, प्रकाश मागून होता!" आणि गंमत म्हणजे लोकांनी टाकल्या. भटजींनीही टाकल्या. आता त्या जोडप्यात सिनेमाला जायचं की नाही यावरून जरी वाजलं, तरी मुलीची आई खिडकीतून तीनशेपासष्ट्यांच्या दाराकडे बघते.

ऑक्टोबरात धूमकेतू आला. त्सुचिन्शान-अ‍ॅटलास हे नाव न अडखळता म्हणता यावं म्हणून ते दोन दिवस जिन्यात घोकत होते. मग संध्याकाळी आम्हा सगळ्यांना गच्चीवर नेलं. पश्चिमेला ढग. अर्ध्या तासाने ढगात एक दिवा सरकताना दिसला, त्यांनी धडाधड फोटो काढले, बायकांनी हातही जोडले. ते लोहगावला उतरणारं विमान होतं. फोटो तरीही ग्रुपवर आला. शीर्षक: 'पाहुणा'. मी लिहिलं, "क्या बात है!"

इथे माझं एक कबूल करून टाकतो. मी तो फोटो उघडलाच नव्हता. मी कुठलाच उघडत नसे. सकाळी चहा गाळता गाळता अंगठा द्यायचा आणि तीन-चार ठरलेल्या प्रतिक्रिया आलटून पालटून टाकायच्या: "वा!", "काय प्रकाश!", "रंगसंगती!" आमच्या लहानपणी छत्तीस फोटोंचा रोल गणपतीत घालायचे तो दिवाळीनंतर धुवायला जायचा, आणि वडील ओढूनताणून त्यात अडतीस बसवायचे. माझं अख्खं बालपण अकरा फोटोंत आहे. त्यातल्या एकात माझे डोळे मिटलेले आहेत आणि तोही मी पन्नासदा पाहिलाय. इथे रोजचा फुकट मिळणारा कोण बघतो?

नोव्हेंबरच्या मध्याला पुन्हा बेल. पावणेबारा. मी चप्पल काढून टाच पुढे केली. पण तीनशेपासष्टे आत येईनात. आज लेंग्यावर सदरा होता.

"आजचा काढलाय," ते म्हणाले. "कालचा राहिला."

त्यांना बसवलं. आदल्या दिवशी ताप होता, गोळी घेऊन नऊला आडवे झाले ते सकाळीच उठले. तीनशे एकोणिसावा दिवस कोरा. मग त्यांनी घाबरून जुलैतला एक फोटो काढला आणि कालचा म्हणून ग्रुपवर टाकला. गॅलरीतल्या नळाचा. नळावरून पागोळ्या गळतायत, मागे धो धो पाऊस, कुंडीतून पाणी वाहतंय.

"नोव्हेंबरात!" ते म्हणाले. "कुणीतरी म्हणेल म्हणून दिवसभर फोन हातात धरून बसलो. बत्तीस अंगठे आले. तुम्ही लिहिलंत, 'काय प्रकाश!'"

बायकोने पाणी आणून ठेवलं. एकमेकांकडे न बघता आम्ही दोघे ते प्यायलो. एकाने खोटा फोटो दिला होता, दुसऱ्याने खोटी दाद. शेवटी मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, की सोळा सोमवारांतला एखादा चुकला तर आमची आई शेवटी एक जास्तीचा करायची. त्यांचा चेहरा एकदम सैलावला. "म्हणजे १ जानेवारीला भरपाई! चालेल?" जणू परवानगी माझ्या हातात होती. मी दिली.

ते गेल्यावर झोप येईना. ग्रुप उघडला आणि पहिल्या दिवसापासून वर सरकवत गेलो. पुष्कळ फोटो रद्दी आहेत, हे सांगितलंच पाहिजे. एकाकीपण या विषयावर एकाच चपलेचे चार. पण मधेच लिफ्टमधल्या आरशावर कुणा पोराने वाफेवर काढलेलं मांजर होतं. खालच्या पत्रपेट्या होत्या, त्यातल्या एकीवर दोन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं नाव अजून. पावणेबाराला खालच्या अंगणातून काढलेली आमची इमारत होती, सात-आठ वेळा, सगळी अंधारात आणि तिसऱ्या मजल्यावर एकच खिडकी उजळलेली. माझी. मुलाचा फोन परदेशातून त्याच सुमाराला येतो, किंवा येत नाही, म्हणून मी जागा असतो. हा गृहस्थ बेल वाजवायला माझ्याच दारी का येतो, याचा मी दहा महिने विचार केला नव्हता.

आणि जुलै होता. २५ तारखेला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याकडे एकता नगरीत घरांत शिरलं, तेव्हाचा. वह्यांची भिजून फुगलेली पानं, दोरीवर चिमट्यांनी लावलेली, त्यांतून निळी शाई ओघळलेली. शीर्षक दोनच शब्द: 'वाळत घातलंय'. तीनशेपासष्टे दोन दिवस तिथे चिखल उपसायला गेले होते, हे मला दुसऱ्या दिवशी वहिनींकडून कळलं. त्यांनी स्वतः सांगितलं नव्हतं. त्या फोटोखाली पहिली प्रतिक्रिया माझी. सकाळी सात वाजून चार मिनिटं.

"रंगसंगती!"

ती आता पुसता येत नाही. मी प्रयत्न केला.

३१ डिसेंबरला गच्चीवर सोसायटीने त्यांना नारळ आणि शाल दिली. अध्यक्षांनी आपण सगळे फोटो आवर्जून पाहिल्याचं सांगितलं. टाळ्या झाल्या. तीनशेपासष्ट्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी शालीकडे.

१ जानेवारीला थंडी होती, तरी रात्री साडेअकराला मी पायातले मोजे काढून बसलो. मुलाचा फोन येऊन गेला होता. बायकोने "आता काय?" म्हणून विचारलं, तर म्हटलं, उकडतंय. पावणेबाराला बेल वाजली.

"आजचा राहिलाय."

मी टाच पुढे केली. ते वाकले, दिवा जवळ घेतला, आणि पाहता पाहता त्यांचा चेहरा पडला. "मलम लावलंत?"

"हिने लावायला लावलं. दिवाळीपासून."

"अहो, पण विचारायचं तरी!" त्यांनी कंबरेवर हात ठेवून त्या गुळगुळीत टाचेकडे असं पाहिलं, की मलाच अपराध्यासारखं झालं. घड्याळात बाराला सहा कमी होती. मग त्यांनी फोटो काढलाच. सकाळी ग्रुपवर आला, शीर्षक होतं 'यंदा पाऊस बरा झाला'. चहा गाळायचा ठेवून मी तो उघडला, दोन बोटांनी मोठा करून पाहिला. डाव्या कडेला एक भेग अजून होती.