बेंजोशेठ

शहापूर तालुक्यात ज्याच्याकडे गाडी तो शेठ, ज्याच्याकडे जमीन तो शेठ, आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्यालाही उसने मागायच्या वेळी शेठच म्हणतात. तानसाकाठच्या आमच्या गावातल्या बेंजोशेठकडे गाडी नाही, जमीन नाही. त्याच्याकडे वॉल्वचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अँप्लिफायर आहे. वय पस्तीस, नोकरी भिवंडीच्या गोदामात, लग्न ठरायचं आहे, मुक्काम आईवडिलांच्या घरी. सगळं दुखणं या शेवटच्या तपशिलात आहे. अँप्लिफायर आणि आईवडील, दोन्ही जुनी, दोन्ही तापणारी, आणि दोन्ही एकाच पत्र्याखाली. फरक एवढाच, की अँप्लिफायरला तापायला अर्धं मिनिट लागतं.

बेंजो म्हणजे हळदीला वाजतो तोच. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 साली जपानात ताइशोगोतो नावाचं वाद्य काढलं. टाइपरायटरसारख्या कळा, खाली तारा. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुल तरंग झालं, आणि ठाणे-रायगड-मुंबईच्या पोरांनी त्याला पिकअप बसवून वायर जोडल्यावर त्याचा बेंजो झाला. रवी जाधव यांनी 2016 साली त्याच्यावर हिंदी चित्रपटही काढला. बेंजोशेठने तो पाहिला, पण मागे कुठे अँप दिसतोय का एवढंच शोधत. त्यातला नायक रितेश देशमुख कसा वाटला म्हणून कोणी विचारलं, तर म्हणाला, ‘‘कोण, कीबोर्डवाला का?’’

हा अँप्लिफायर त्याने विकत घेतलेला नाही. तो घरातला आहे आणि सगळं नाट्य तिथूनच सुरू होतं. त्याचे वडील, म्हणजे आप्पा, आपल्या उमेदीच्या काळात पंचक्रोशीतले लाऊडस्पीकरवाले होते. दिल्लीच्या आहुजा कंपनीचं मशीन त्यांनी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून आणलं. लग्न असो, सत्यनारायण असो, पौषातली म्हसाची जत्रा असो, आप्पांचा कर्णा सगळ्यात उंच आंब्यावर बांधलेला असायचा. पहाटे चारला पहिली रेकॉर्ड लागायची. तीन गावांची झोप उडवून आप्पांनी घर बांधलं, पोरीचं लग्न केलं. आता पंच्याहत्तरी गाठल्यावर त्यांना स्वतःला झोप हवी आहे, आणि तेच मशीन त्यांच्या खाटेपासून सहा फुटांवर पेटलेलं आहे.

गावाला वाटतं, बापलेकांचं भांडण मोठ्या आवाजावरून आहे. तसं ते नाही. आप्पांना मोठ्या आवाजाचं काय नवल? भांडण फाटण्यावरून आहे. लाऊडस्पीकरवाल्याची अब्रू एकाच गोष्टीत असते: आवाज फाटता कामा नये. सरपंचाचं भाषण फाटलं, मंगलाष्टक फाटलं, की पुढची सुपारी दुसऱ्याला गेली. आप्पांनी आयुष्यभर बटण सहाच्या पुढे जाऊ दिलं नाही. आणि बेंजोशेठ म्हणतो, खरी मजा सहाच्या पुढे आहे!

शास्त्र पाहिलं तर पोरगा बरोबर आहे. ट्रान्झिस्टरला झेपेल त्यापेक्षा जास्त ढकललं, की तो आवाजाचं टोक कात्रीने कापल्यासारखं सपाट छाटून टाकतो. वॉल्व तेच टोक हळूहळू दाबत गोल करतो. त्या दाबण्यात मूळ सुराबरोबर वरचे सूर मिसळतात आणि तार गहिवरते. पण वॉल्वला दमवल्याशिवाय हे होत नाही, आणि तो दमतो तोवर शेजारी दमलेले असतात. म्हणून वॉल्वच्या शौकिनाने घरी राहणं, हा जगभरचाच पेच आहे. लंडनजवळ हॅनवेलमध्ये ड्रम विकणाऱ्या जिम मार्शल यांनी 1962 साली गिटारवाल्या पोरांच्या आग्रहावरून अँप बनवायला घेतले. पुढे त्यांचे शंभर वॅटचे अँप मैदानं गाजवू लागले. ती पोरं मैदानातून घरी गेल्यावर काय करत, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्या आयांना विचारायला हवं होतं.

बेंजोशेठने ही सगळी परंपरा आप्पांना सांगून पाहिली. 1964 साली लंडनच्या डेव्ह डेव्हिस नावाच्या पोराने आवाज फाटावा म्हणून आपल्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला आणि त्यावर वाजवलेलं गाणं जगभर गाजलं, हे ऐकून आप्पा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘स्पीकर त्याच्या बापाचा होता का?’’ त्या रात्री आप्पा दाढीचं सामान उशाखाली घेऊन झोपले.

‘‘अर्ध्यावर तरी आण,’’ ही आप्पांची रोजची मागणी. इथे बेंजोशेठ मास्तर होतो. ‘‘आप्पा, मशीन चाळीस वॅटचं. वीसवर आणलं तर फक्त तीन डेसिबल कमी होतात, कानाला जेमतेम कळतं. कानाला अर्धं वाटायला वॅट दहावा हिस्सा करावे लागतात. म्हणजे चार.’’

‘‘मग चारवर लाव.’’

‘‘चारवर वॉल्व फाटत नाही.’’

‘‘तेच तर म्हणतोय मी!’’

दोघांचं शास्त्र एक, हिशेब एक, उत्तरही एक. फक्त एकाला ते उत्तर हवं असतं आणि दुसऱ्याला नको असतं.

आईचं तंत्र वेगळं. तिने आवाजाशी भांडण मांडलं नाही, त्याला कामाला लावलं. बेंजोच्या कुठल्या तारेला मांडणीवरचं कुठलं भांडं थरथरतं, हे तिला पाठ आहे. खालच्या तारेला मोठं पातेलं, मधल्या तारेला कळशी, वरच्या कळांना पितळी तांब्या. परवा चुलीपाशी बसल्या बसल्या ती ओरडली, ‘‘अरे, आज तांब्या गप्प आहे. तार उतरलीय तुझी.’’ बेंजोशेठने तार ताणली, तांब्या बोलू लागला. गावात ट्यूनर मशीन नाही, पण हळदीच्या आधी दुसऱ्या पार्टीचे बेंजोवालेही चहाच्या निमित्ताने या स्वयंपाकघरात डोकावून जातात.

बेंजोशेठचा सुखाचा तास संध्याकाळी सातचा. तेव्हा घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही, मोटार एकदम चालू होतात आणि व्होल्टेज खाली बसतं. पंखे रेंगाळतात, टीव्ही आक्रसतो, गाव शिव्या देतं. बेंजोशेठ मात्र हातातला घास टाकून बेंजोकडे धावतो. व्होल्टेज पडलं की वॉल्वचा दम लवकर निघतो आणि आवाज कमी ठेवूनही तो हवा तसा फाटतो. कॅलिफोर्नियात गिटारवाल्या एडी व्हॅन हेलनला याच कामासाठी व्हेरिअ‍ॅक नावाचं यंत्र लावून व्होल्टेज मुद्दाम पाडावं लागे. आमच्याकडे ते रोज सातला आपोआप पडतं. नवा ट्रान्सफॉर्मर बसवा म्हणून गावाने अर्ज केला, त्यावर सगळ्यांच्या सह्या आहेत, एक सोडून.

वॉल्व मिळवणं हा मात्र छळ आहे. पूर्वी बंगळुरूचे भारत इलेक्ट्रॉनिक्सचे वॉल्व मिळायचे. आता नवा माल रशिया, चीन आणि स्लोव्हाकियातून येतो. कुरिअरवाला आटगाव स्टेशनाच्या अलीकडे यायला तयार नसतो, म्हणून बेंजोशेठ रजा टाकून तिथे जाऊन उभा राहतो आणि खोका छातीशी धरून गावच्या जीपमध्ये बसतो. बाळंतिणीला जागा देतात तशी लोक त्याला खिडकी देतात. तानसा धरण झाल्यापासून, म्हणजे 1892 पासून, आमच्याकडचं पाणी मुंबईला जातं. मोबदल्यात तिकडून हे असलं सामान येतं. या व्यवहारात कोण बुडालं, ते एप्रिलमध्ये टँकरच्या रांगेत कळतं.

एवढं असून गावात आवाजाविरुद्ध सगळ्यात कडक माणूस कोण, तर बेंजोशेठ! हळदीला डीजेचा टेम्पो शिरला की याच्या कपाळाची शीर उडते. घड्याळात दहा वाजून एक मिनिट झालं की फोन पोलिसांना. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम त्याला तोंडपाठ आहेत: राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. स्वतःचा अँप पंचावन्नाच्या कितीतरी वर जातो हे दाखवून दिलं, तर तो दुखावतो. ‘‘तो नियम गोंगाटाला आहे,’’ म्हणतो. डीजेवालेही नेमकं हेच म्हणतात. हे त्याला कोणी सांगत नाही, कारण सांगायला गेलं की तो वाजवून दाखवतो.

पावसाळ्यात मात्र घरातलं राजकारण फिरतं. जुलैमध्ये तानसा भरून वाहायला लागलं की आमच्याकडे काही म्हणजे काही वाळत नाही. मीठ पाझरतं, पापड वाकतात, आगपेटी घासून घासून बोट दुखतं. त्यात यंदा बेंजोशेठची बहीण बाळंतपणाला आली, म्हणजे दिवसाला वीस-पंचवीस लंगोट. अख्ख्या घरात कोरडी, उबदार जागा एकच, वॉल्वच्या वरची. आत चारशे व्होल्ट खेळतात म्हणून बेंजोशेठने मशीनवर जाळीचा पिंजरा ठोकला, वीतभर उंच. आईने पहिल्या दिवशी पिंजऱ्यावर आगपेट्या ठेवल्या, दुसऱ्या दिवशी मिठाची बरणी, तिसऱ्या दिवसापासून लंगोटांची रांग लागली.

वर्षभर तटस्थ राहणारी आई आता पहाटे पाचलाच त्याला हलवून उठवते, ‘‘ऊठ, मशीन पेटव.’’ तो आनंदाने उठतो, वॉल्व पेटवतो, तारा जुळवायला घेतो. तेवढ्यात पांघरुणातून आप्पांचा आवाज येतो, एकाही वॅटशिवाय तीन घरांना ऐकू जाईल असा, ‘‘मशीन पेटव म्हणाली ती. बेंजोचं नाव काढलं का कोणी?’’