टोचण्याआधी

काटोलात कुणी सलग चार शिंका दिल्या की चार निदानं तयार असतात. संत्र्याच्या बागेतली फवारणी, गाजरगवत, रात्रीचं दही आणि शेजाऱ्याची नजर.

पाचव्या निदानासाठी माणूस नागपूरची एसटी पकडतो.

आणि निघताना काय करतो? प्रवासात शिंका नकोत म्हणून सेट्रिझिनची गोळी मारतो!

झाली तपासणी. ॲलर्जीच्या चाचणीत हातावर एकेका घटकाचा थेंब ठेवून हलकंसं टोचतात आणि १५-२० मिनिटांत गांधी उठते का ते बघतात. ही गोळी गांधी उठूच देत नाही. म्हणून ती साधारण आठवडाभर आधी थांबवायची असते, अर्थात डॉक्टरांना विचारून. ‘मी गोळी घेतलीच नाही, नुसतं खोकल्याचं सिरप प्यालो,’ असं सांगणारे भेटतात. त्या सिरपमध्ये बहुधा तिचीच बहीण असते.

दम्याचा पंप मात्र आपल्या अकलेने बंद करू नका. रिपोर्ट चोख यायचा आणि तुम्ही ऑक्सिजनवर. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तेही आधीच सांगा. जोराची रिॲक्शन आली तर काही गोळ्या उपचाराच्या आड येतात.

गाजरगवताने कातडी खाजते? मग चाचणी वेगळी. १९५०च्या दशकात पुण्यात दिसलेलं हे गवत आता कुठल्या बांधावर नाही? या चाचणीत पाठीवर पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम गाळायचा नाही.

मे महिन्यात. विदर्भात.

यापेक्षा सोपं म्हणून काही जण रक्ताचं पॅकेज घेतात. एका थेंबात शंभरावर पदार्थांचा निकाल! त्यातली ‘आयजीजी’वाली यादी बहुतेक एवढंच सांगते, की हा पदार्थ तुम्ही खाता. काटोलकराच्या यादीत संत्रं निघालं तर नवल काय? त्यासाठी रक्त कशाला, टोपली बघायची.

बरं, टोचून गांधी उठली म्हणजेही ॲलर्जी ठरली असं नाही. तो पदार्थ खाऊन, हुंगून त्रास होतो का? कधी, कुठे, किती वेळाने? डॉक्टर हेच विचारतात. पेशंट म्हणतो, ‘ते तुम्हीच शोधा नं बाप्पा, फी कायची घेता?’

अंगावर उठलेलं पित्त दवाखान्याच्या पायरीवर हमखास गायब होतं. म्हणून उठेल तेव्हाच फोटो काढून ठेवावा. डॉक्टर फोटो मागतात, मोबाइल उघडतो. नातवाचे चारशे फोटो, सुप्रभातचे सहाशे.

पित्ताचा एकही नाही.