हॉलंडकाका

हॉलंडकाका हा प्रकार रसायनी-मोहोपाडा पट्ट्यात संक्रांतीच्या सुमारास ठळकपणे दिसू लागतो. काका बहुधा एचओसीतून, म्हणजे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्समधून निवृत्त. नाहीतर पाताळगंगेकाठच्या दुसऱ्या एखाद्या कारखान्यातून. मुलगी-जावई आइंडहोवन किंवा आम्स्टेलव्हेनला. पाहुण्याच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. तेवढ्या शिदोरीवर उरलेलं आयुष्य काढता येतं, हे काकांनी सिद्ध केलं आहे.

यात दोन पोटजाती. एप्रिलमध्ये जाणारे काका ट्युलिप बघतात, २७ तारखेला राजाच्या वाढदिवशी नारिंगी टोपी घालून फोटो काढतात आणि परततात. त्यांचा उपद्रव बेताचा. दसरा आटोपून निघणारे मात्र सण शिकून येतात.

ओळखायची खूण अशी: कुणी ‘हॉलंड’ म्हटलं की काका त्याला थांबवतात. हॉलंड हे बारांपैकी दोनच प्रांतांचं नाव, देश नेदरलँड्स. एवढं बजावून पुढचं वाक्य ‘आमच्या हॉलंडला’ असं सुरू होतं.

प्रवासवर्णनात फाल्स चुकत नाही. तिथल्या टेकडीवर नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीच्या सीमा मिळतात, त्यामुळे चहा गार होण्याआधी तीन देश होतात. उंची सुमारे ३२२ मीटर. देशाच्या युरोपातल्या भूमीवर याहून उंच काही नाही. माथेरान आठशे मीटर, हाकेच्या अंतरावर, पण काका तिथे शेवटचे गेले ते मुलगी शाळेत असताना.

डच घरात वाढदिवसांची दिनदर्शिका संडासात टांगतात. तिच्यावर वार नसतात, म्हणून ती कधी जुनी होत नाही. ही काटकसर काकांना फार भावली. नातवाचं नाव संडासात लटकवायला काकूंनी साफ नकार दिल्याने ती आता स्वयंपाकघरात, कालनिर्णयशेजारी आहे.

खरा विषय ५ डिसेंबरचा. नोव्हेंबरच्या मध्यावर सिंटरक्लास हा पांढऱ्या दाढीचा संत स्पेनहून आगबोटीने येतो. मुलं त्याच्या घोड्यासाठी बुटात गाजर ठेवतात, सकाळी तिथे खाऊ सापडतो. ५ तारखेच्या संध्याकाळी भेटवस्तू वाटतात आणि भेटीसोबत घेणाऱ्याची फिरकी घेणारी निनावी, यमकबद्ध कविता असते. ‘अहो, आपले कॉलेजातले फिशपाँड!’ असं काका म्हणतात, आणि त्यांच्या सगळ्या तुलनांत ही एकच चोख आहे. काकांना मिळालेली कविता हीटर गुपचूप वाढवणाऱ्या हाताबद्दल होती. ती ते वाचून दाखवत नाहीत.

पुढच्या डिसेंबरात काका रसायनीतच असतात. सोसायटीतल्या मुलांचे बूट गोळा होतात, जिन्याखाली मांडले जातात, प्रत्येकात एकेक गाजर. सकाळी काका चॉकलेटं घेऊन उतरतात तेव्हा गाजरं गेलेली असतात, आणि दोन बुटांच्या नाड्या मोहोपाड्याच्या शेळीच्या तोंडात असतात.